कॅश क्रेडिट खात्याचे आठ हंगाम: वह्यांच्या कारखान्यातून एक परीक्षण

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत आमचा शालेय वह्यांचा लहानसा कारखाना आहे. या धंद्यात पैसा बाहेर जाण्याचा काळ आणि परत येण्याचा काळ यांत सहा ते आठ महिन्यांचे अंतर पडते. कागद जानेवारीपासून मार्चपर्यंत घ्यावा लागतो, कारण तेव्हा तो त्यातल्या त्यात स्वस्त असतो आणि एप्रिलनंतर हवा तेव्हा मिळेलच याची खात्री नसते. रेघा मारणे, घड्या घालणे, पिना मारणे, कव्हर चढवणे आणि कटिंग ही कामे मेअखेरपर्यंत चालतात. माल मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत दुकानदारांकडे जातो, कारण महाराष्ट्रातील बहुतेक शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि विदर्भातील शाळा उन्हामुळे त्यानंतर काही दिवसांनी. दुकानदाराचे पैसे मात्र थोडे गणपतीच्या सुमारास आणि उरलेले दिवाळीपर्यंत येतात. ही रीत माझ्या वडिलांच्या काळापासून चालत आली आहे आणि ती मोडणे माझ्या हातात नाही. मधल्या काळातील पगार, वीजबिल आणि कागदाचे पैसे कुठून आणायचे, या प्रश्नावर २०१८ पासून आम्ही एका राष्ट्रीयीकृत बँकेचे कॅश क्रेडिट खाते वापरत आहोत. आठ हंगाम पूर्ण झाल्यामुळे त्याचे परीक्षण लिहिण्याइतकी माहिती आता माझ्याकडे साठली आहे. बँकेचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्यांतल्या बहुतेक या खात्याच्या रचनेतूनच येतात आणि इतर बँकांतील व्यावसायिक मित्रांकडूनही मी त्या जवळपास तशाच ऐकल्या आहेत.

ज्यांनी हे खाते वापरलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बँक तुमच्या धंद्यासाठी एक मर्यादा मंजूर करते. त्या मर्यादेच्या आत तुम्ही हवी तेव्हा उचल करायची, पैसे येतील तसे भरायचे, पुन्हा उचलायचे. हप्ता नसतो. दररोज संध्याकाळी खात्यात जी उणे शिल्लक असेल तिच्यावर व्याज मोजले जाते आणि महिनाअखेरीस ते खात्यात नावे पडते. तारण म्हणून कारखान्यातील माल आणि ग्राहकांकडील येणी बँकेकडे नजरगहाण असतात, म्हणजे माल आपल्याच ताब्यात राहतो, विकताही येतो, पण त्यावर पहिला हक्क बँकेचा. कल्पना जुनी आहे. १७२८ साली एडिंबरोच्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने विल्यम हॉग या व्यापाऱ्याला शिलकीपेक्षा हजार पौंडांपर्यंत जास्त रक्कम उचलण्याची मुभा दिली, तेथून ही पद्धत सुरू झाली असे मानले जाते. हॉग यांची अडचण माझ्यासारखीच होती: माल विकला गेलेला, पैसे यायचे बाकी.

आधी किमतीबद्दल लिहितो, कारण कोणीही पहिला प्रश्न व्याजदराचाच विचारतो. आमची मर्यादा आज ४० लाख रुपयांची आहे. २०२५ मध्ये खात्यातील सरासरी उचल जानेवारीत ८ लाख, मार्चमध्ये २८ लाख आणि मे महिन्यात सर्वांत जास्त म्हणजे ३६ लाख होती. तेथून ती उतरत जाऊन ऑक्टोबरमध्ये १० लाखांवर आली आणि नोव्हेंबर व डिसेंबर हे दोन महिने जवळजवळ पूर्ण खाते शून्यावर किंवा जमेकडे होते. बारा महिन्यांची सरासरी काढली तर ती १९ लाख भरते. सुमारे साडेदहा टक्के दराने वर्षाचे व्याज दोन लाखांच्या जवळपास गेले. हेच ३६ लाख मी वर्षभरासाठी एकरकमी कर्जाऊ घेतले असते, तर त्याच दराने पावणेचार लाखांहून अधिक व्याज भरावे लागले असते. या एका फरकासाठी हे खाते घ्यावे, आणि ज्याच्या धंद्यात असा चढउतार नाही त्याने ते घेण्याआधी दोनदा विचार करावा.

मात्र व्याज म्हणजे पूर्ण किंमत नव्हे, हे समजायला मला तीन वर्षे लागली. आमचे खाते सूक्ष्म व लघु उद्योगांच्या पतहमी योजनेखाली आहे, म्हणजे घर किंवा जमीन गहाण नाही, पण त्याबद्दल हमी शुल्क द्यावे लागते. ते गेल्या वर्षी जीएसटीसह सुमारे २६,००० रुपये झाले. मर्यादेच्या वार्षिक नूतनीकरणाचे शुल्क १४,०००, मालाच्या तपासणीचे आणि इतर किरकोळ आकार ६,०००, विम्याचा हप्ता १४,०००, आणि बँकेला लागणारी अंदाजपत्रके तयार करून देणाऱ्या सीएंची फी १५,०००. सगळे मिळून ७५,००० रुपये. हे शुल्क मुख्यतः मर्यादेवर लागते, उचलीवर नाही, म्हणून १९ लाखांच्या सरासरी उचलीच्या मानाने ते जवळजवळ चार टक्के होते. साडेदहा टक्क्यांचे खाते प्रत्यक्षात साडेचौदा टक्क्यांना पडते. कागदावर मोठी मर्यादा मिरवण्याची हौस ज्यांना असते, त्यांनी हा हिशेब एकदा आपल्या आकड्यांनी करून पाहावा. न वापरलेल्या मर्यादेचेही पैसे आपण भरत असतो.

तरीही साडेचौदा टक्के मला परवडतात, आणि त्याचे कारण कागदाच्या खरेदीत आहे. आमचा कागद व्यापारी ४५ दिवसांच्या उधारीवर जो भाव लावतो, त्यापेक्षा रोखीने तीन टक्के कमी लावतो. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण ४५ दिवसांसाठी तीन टक्के म्हणजे वर्षाला सुमारे पंचवीस टक्के. उधारीवर घेतलेला कागद हे माझे सर्वांत महाग कर्ज होते आणि त्याला आम्ही घरात कधी कर्ज म्हणतच नव्हतो. ३० लाखांचा कागद रोखीने घेतल्यावर ९०,००० रुपये वाचतात, म्हणजे खात्याचे सगळे वरखर्च त्यातूनच भागतात. ज्यांना अशी रोखीची सूट मिळत नाही, त्यांचे गणित वेगळे येईल.

या खात्यात सर्वांत मोठी गफलत होते ती मर्यादा आणि डीपी (ड्रॉइंग पॉवर) यांच्यातील फरकाविषयी. डीपी म्हणजे त्या महिन्यात प्रत्यक्ष किती उचल करता येईल तो आकडा. दर महिन्याला आपण बँकेला मालाचे आणि येण्यांचे विवरण देतो, ज्याला सगळे स्टॉक स्टेटमेंट म्हणतात. त्यातील मालातून आधी कागद व्यापाऱ्याचे देणे वजा होते, कारण ज्याचे पैसेच दिलेले नाहीत त्या मालावर बँक पैसे देत नाही. उरलेल्या मालाच्या २५ टक्के रक्कम आपला वाटा म्हणून वगळतात. येण्यांपैकी ९० दिवसांपेक्षा जुनी येणी पूर्णपणे बाजूला ठेवतात आणि उरलेल्यांतून आमच्या मंजुरीपत्राप्रमाणे ४० टक्के वगळतात. या टक्केवाऱ्या बँकेगणिक आणि धंद्यागणिक बदलतात, पण पद्धत हीच. मर्यादा आणि डीपी यांपैकी जो आकडा लहान, तेवढीच उचल.

पहिल्या वर्षी मी मंजुरीपत्रातील मर्यादेचा आकडा लक्षात ठेवला आणि बाकीची पाने चाळून फाइलला लावली. तेव्हा मर्यादा २५ लाखांची होती. २०१८ च्या सप्टेंबरअखेर खात्यात साडेचौदा लाखांची उचल होती आणि मी निश्चिंत होतो, कारण माझ्या समजुतीप्रमाणे अजून साडेदहा लाख शिल्लक होते. त्या दिवशी गोदामात सहा लाखांचा माल होता, त्याचे साडेचार लाख धरले गेले. दुकानदारांकडे २१ लाख येणे होते, पण त्यातील दहा लाखांची बिले मे आणि जूनमधली असल्यामुळे ९० दिवसांच्या पलीकडे गेली होती. उरलेल्या ११ लाखांचे साठ टक्के म्हणजे ६ लाख ६० हजार. डीपी आली ११ लाख १० हजार. म्हणजे मी ३ लाख ४० हजारांनी जास्त उचल करून बसलो होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. तो कळला कागद व्यापाऱ्याच्या फोनवरून. माझा धनादेश परत गेला होता. ज्या माणसाने वडिलांना कधी दोन दिवसांचे स्मरणपत्रही पाठवले नव्हते, त्याने फक्त एवढेच विचारले की सगळे ठीक आहे ना. तो प्रश्न ऐकताना झालेली मानहानी मी अजून विसरलेलो नाही. शिवाय जादा उचलीवर दोन टक्के दंडव्याज लागले. आता रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे असा दंड व्याजदरात मिसळता येत नाही, तो वेगळे शुल्क म्हणून दाखवावा लागतो आणि त्याच्यावर पुन्हा व्याज चढत नाही. २०२४ पासूनची ही सुधारणा चांगली आहे, पण दंड तो दंडच.

यात बँकेची चूक नव्हती. नियम मंजुरीपत्रात छापलेला होता. माझी तक्रार वेगळी आहे. वह्यांच्या धंद्यात सप्टेंबरमध्ये ९० दिवस उलटलेले येणे हे बुडीत येणे नसते. ते दिवाळीला येणारच असते, आणि हे शाखेतील प्रत्येक अधिकाऱ्याला माहीत होते, कारण सांगलीत हळदीपासून द्राक्षांपर्यंत अर्धा बाजार हंगामावरच चालतो. तरीही कर्ज मंजूर करताना एका साच्यातील अटी आमच्या खात्याला लावल्या गेल्या. हंगामी उद्योगांसाठी बँका हंगामातील आणि हंगामाबाहेरील अशा दोन वेगवेगळ्या मर्यादा ठरवू शकतात, आणि येण्यांची मुदतही धंद्याची रीत पाहून वाढवता येते. पण ते मागावे लागते, आपणहून कोणी देत नाही. दुसऱ्या वर्षीच्या नूतनीकरणाला मी मागील पाच वर्षांच्या वसुलीचा महिनावार तक्ता घेऊन गेलो आणि येण्यांची मुदत १२० दिवस करून घेतली. त्या तक्त्याला माझा एक रविवार लागला. सप्टेंबरची ओढाताण त्यानंतर निम्म्याहून कमी झाली.

मर्यादा ठरवण्याच्या पद्धतीतही हाच साचा दिसतो. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या शिफारशींवर आधारलेली पद्धत अशी: अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के खेळते भांडवल लागते असे धरायचे, त्यापैकी उलाढालीच्या २० टक्के बँकेने द्यायचे आणि ५ टक्के उद्योजकाने घालायचे. आमची उलाढाल दोन कोटींची, म्हणून मर्यादा ४० लाखांची. हिशेब सोपा आहे आणि लहान उद्योजकाला बँकेच्या मर्जीवर सोडत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण वर्षाचे २५ टक्के म्हणजे तीन महिने, आणि या सूत्राच्या पोटात असे गृहीत धरलेले आहे की पैसा तीन महिन्यांत फिरून परत येतो. आमच्याकडे तो सहा महिने घेतो. ज्यांचे चक्र लांब आहे त्यांना या सूत्राने निघणारी मर्यादा किमान समजून, प्रत्यक्ष गरजेचे वेगळे मूल्यमापन मागता येते. मी ते अद्याप मागितलेले नाही, कारण वाढीव मर्यादेवरचे शुल्क आणि मे महिन्यातील चारपाच लाखांची तंगी यांत मला आजवर तंगीच स्वस्त वाटत आली आहे.

दुकानदारांनी पैसे लवकर द्यावेत यासाठी कायदे आहेत, हे मला अनेक जण सांगतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे आमच्यासारख्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. वीस वर्षे माल घेणाऱ्या कराडच्या किंवा चिपळूणच्या दुकानदाराकडे असे व्याज मागणारा वह्यांचा कारखानदार मी तरी पाहिलेला नाही. आयकर कायद्याच्या ४३बी कलमात नंतर भर पडली आणि मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराच्या त्या वर्षीच्या खर्चातून वगळण्याची तरतूद आली, तेव्हा २०२४ च्या मार्चमध्ये बाजारात बरीच धावपळ झाली. आमच्या धंद्याला तिचा काही उपयोग नाही. जूनचे बिल ऑक्टोबरमध्ये दिले तरी ते त्याच आर्थिक वर्षात दिले जाते, त्यामुळे दुकानदाराच्या करात पैशाचाही फरक पडत नाही. बिले वटवून घेण्याची जी इलेक्ट्रॉनिक व्यासपीठे आहेत, त्यांवर मोठ्या कंपन्या आणि सरकारी उपक्रम खरेदीदार असतात. शाळेसमोरचे स्टेशनरीचे दुकान तेथे नसते. तेव्हा आमच्यासाठी पर्याय उरतात ते कॅश क्रेडिट, पतसंस्थेचे कर्ज किंवा मोबाइलवर मिळणारे झटपट कर्ज.

त्यातील शेवटचा पर्याय मी वापरून पाहिला आहे. २०१७ मध्ये, हे खाते मिळण्याआधी, एका बिगरबँक वित्त कंपनीकडून पाच लाखांची ‘फिरती मर्यादा’ घेतली होती. कागदपत्रे मोबाइलवरून गेली आणि दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात आले. या वेगाला माझा मनापासून सलाम आहे, कारण आमच्या बँकेने पहिल्या मंजुरीला अकरा आठवडे घेतले होते. पण फिरती म्हटलेली ती मर्यादा प्रत्यक्षात फिरत नव्हती. प्रत्येक उचल हे सहा महिन्यांचे वेगळे कर्ज धरले जाई, व्याज महिन्याला दीड टक्का, आणि तेही मूळ रकमेवर. पाच लाखांवर सहा महिन्यांत ४५,००० रुपये व्याज, जे वर्षाच्या अठरा टक्क्यांसारखे दिसते. पण दरमहा हप्ता फेडल्यामुळे माझ्याकडे सरासरीने तीन लाखांहूनही कमी रक्कम राहिली होती. घटत्या रकमेवर तो दर तीस टक्क्यांच्या वर जातो, आणि दोन टक्के प्रक्रिया शुल्क धरले तर आणखी वर. मुदतीच्या कर्जांसाठी कर्ज देणाऱ्याला आता लघुउद्योगांना मुख्य तथ्यांचे विवरण द्यावे लागते आणि त्यात सर्व खर्चासह वार्षिक दर छापलेला असतो. २०१७ मध्ये ते असते, तर मी पहिल्याच पानावर थांबलो असतो. यंत्र अडले आहे आणि चार दिवसांत भाग हवा आहे, अशा प्रसंगी ती कंपनी उपयोगी पडेल. कागदाच्या खरेदीला नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण या खात्याचा खरा धोका तिच्यातून दिसतो. २०२२ च्या डिसेंबरमध्ये खाते शून्यावर होते आणि इचलकरंजीत एक जुने, पण उत्तम स्थितीतील रेघा मारण्याचे यंत्र सात लाखांना विक्रीला आले. मुदतीच्या कर्जासाठी अर्ज, कोटेशन आणि मूल्यांकन यांत महिना गेला असता आणि यंत्र हातचे सुटले असते. मी कॅश क्रेडिटमधून पैसे दिले. हंगामात उचलीसाठी सात लाख कमी पडले, म्हणून कागद पुन्हा उधारीवर घ्यावा लागला आणि तीन टक्क्यांची सूट गेली. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या दिवाळीनंतरही खाते साडेपाच लाखांवर अडकून राहिले, कारण यंत्राचे पैसे यंत्राच्या कमाईतून चार वर्षांत यायचे होते आणि खात्याला ते एका हंगामात हवे होते. शाखेतील कर्ज अधिकाऱ्याने खात्याचा उतारा समोर ठेवून विचारले, “हे तळाला का टेकलं नाही यंदा?” आठ वर्षांत बँकेकडून मला विचारला गेलेला हा सर्वांत शहाणा प्रश्न होता. शेवटी २०२४ मध्ये त्या रकमेचे मुदतीच्या कर्जात रूपांतर करून घेतले. तेव्हापासून दर वर्षी खाते किती दिवस शून्यावर किंवा जमेकडे होते, ते मी वहीत लिहून ठेवतो. २०२५ मध्ये ५७ दिवस. खात्याची तब्येत मला मर्यादेच्या आकड्यापेक्षा या आकड्यावरून जास्त कळते.

कोविडच्या वर्षाविषयी लिहिल्याशिवाय परीक्षण पुरे होणार नाही. २०२० च्या मार्चमध्ये गोदामे वह्यांनी भरलेली होती आणि जूनमध्ये शाळा उघडल्याच नाहीत. विवरणात माल भरपूर दिसत होता, त्यामुळे डीपीही भरपूर होती, पण विक्री नव्हती. मालावर आधारलेल्या कर्जाची ही आंधळी बाजू तेव्हा उघडी पडली: गोदामात पडून राहिलेला माल कागदावर तारण असतो आणि बाजारात ओझे. रिझर्व्ह बँकेने आधी मेपर्यंत आणि मग ऑगस्टअखेरपर्यंत कॅश क्रेडिटवरील व्याज पुढे ढकलण्याची मुभा दिली. केंद्र सरकारच्या हमीखालील आपत्कालीन कर्ज योजनेतून २९ फेब्रुवारी २०२० रोजीच्या थकबाकीच्या वीस टक्के, म्हणजे आमच्या बाबतीत तीन लाख रुपये मिळाले, चार वर्षांच्या मुदतीने आणि पहिले वर्ष मुद्दल न फेडण्याच्या सवलतीसह. बँकेने ही रक्कम मी अर्ज करण्याआधी फोन करून देऊ केली होती. एरवी धिम्या वाटणाऱ्या शाखेचे हे रूप मी पुन्हा पाहिले नाही, पण त्या तीन लाखांतून सात कामगारांचे पगार झाले आणि ते विसरता येणार नाही.

रोजच्या वापरातील बारीकसारीक गोष्टी. स्टॉक स्टेटमेंट पाच तारखेपर्यंत द्यायचे असते आणि आता ते ऑनलाइन भरता येते, पण भरल्यानंतर नवी डीपी खात्याला लागायला कधी एक दिवस लागतो, तर कधी आठवडा. जानेवारीत कागद भरताना हा आठवडा फार जाचतो. विवरण तीन महिन्यांपेक्षा जुने झाले तर त्याच्या आधारावरची उचल अनियमित मानली जाते, आणि ती अवस्था ९० दिवस चालली तर खाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत (एनपीए), होऊ शकते. हाच निर्णय मर्यादेपेक्षा जादा उचल सलग ९० दिवस राहिल्यास होतो. नव्वद दिवसांत खात्यात आलेला भरणा त्या काळातील व्याजाइतकाही नसेल, तरीसुद्धा होतो. हंगामी धंदेवाल्यांनी यातील शेवटचा नियम विशेष लक्षात ठेवावा. जानेवारी ते एप्रिल आमच्याकडे विक्री जवळपास नसते. त्या महिन्यांत आम्ही कार्यालयीन नोंदवह्या आणि पावतीपुस्तकांची कामे घेतो. त्यांत फायदा नावापुरता असतो, पण खात्यात भरणा होत राहतो. दिवाळीच्या वहीपूजनासाठी लागणाऱ्या चोपड्या आणि रोजमेळही याच कारणासाठी पुन्हा सुरू केले. संगणकाच्या काळातही लोक पूजेला वही घेतातच, ही आमच्या धंद्यावरची लक्ष्मीची कृपा समजावी.

तपासणीला येणारे अधिकारी वर्षातून दोनदा येतात, कागदाच्या रिमांची थप्पी मोजतात आणि बँकेकडे माल नजरगहाण असल्याचा फलक दारावर आहे की नाही ते पाहतात. विवरणातील विक्री आता जीएसटीच्या विवरणाशी ताडून पाहतात, म्हणून दोन्हीकडे वेगवेगळे आकडे भरण्याची जुनी सवय ज्यांना असेल त्यांनी ती वेळीच सोडावी. विमा बँकेच्या नावाने असतो, पण त्यात नेमके काय धरले आहे ते बँक पाहत नाही, आपल्यालाच पाहावे लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा आमचा कारखाना कोरडा राहिला. पण बाजारपेठेतील सहा ग्राहकांची दुकाने बुडाली आणि त्यांच्याकडील येणी दिवाळीऐवजी संक्रांतीनंतर आली. पुराचे संरक्षण त्यांच्यापैकी चौघांच्या विम्यात होते. दोघांनी हप्ता वाचवण्यासाठी ते काढून टाकले होते. माझ्या डीपीला त्या दोघांच्या निर्णयाची झळ लागली, हे येण्यांच्या तारणाबाबत ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

व्याजदराच्या बाबतीत एक गोष्ट बँकेच्या बाजूने नोंदवतो. २०१९ च्या ऑक्टोबरपासून सूक्ष्म व लघु उद्योगांची नवी बदलत्या दराची कर्जे बाह्य निर्देशांकाला जोडलेली आहेत, आणि आम्हीही पुढच्या नूतनीकरणात जुन्या पद्धतीतून रेपो दराकडे, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याकडे, वळलो. २०२५ मध्ये रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आला आणि ती घट तिमाही फेरआढाव्यात आमच्या खात्याला न मागता मिळत गेली. पूर्वी दरवाढ त्याच महिन्यात पोहोचायची आणि घट पत्र लिहिल्यावर. वह्यांवरचा बारा टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आणि वह्यांसाठीच्या कागदावरचाही गेला, याचा या खात्याशी दूरचा वाटणारा, पण खरा संबंध आहे. जानेवारीत ३० लाखांच्या कागदावर भरलेले ३ लाख ६० हजार रुपये जूनच्या विक्रीपर्यंत अडकून पडत आणि तेवढ्याचे व्याज आम्ही भरत असू. यंदाच्या हंगामात ते अडकलेले नाहीत. वह्यांवर करच नसल्यामुळे कव्हरच्या पुठ्ठ्यावरचा कर मात्र आता वळता होत नाही, तो खर्चातच धरावा लागतो.

सध्या एकच गाऱ्हाणे शिल्लक आहे. आमच्या मर्यादेचे नूतनीकरण मे महिन्यात येते. उचल सर्वांत जास्त, माणसे रात्रपाळीत, माझा दिवस ट्रकच्या मागे, आणि नेमके तेव्हा सीएंकडून अंदाजपत्रके, ताळेबंद आणि गेल्या वर्षीच्या प्रश्नांची पुन्हा तीच उत्तरे द्यावी लागतात. गेल्या वर्षी नवे मंजुरीपत्र यायला सात आठवडे लागले. खाते शून्यावर असते आणि हातात वेळही असतो त्या नोव्हेंबरमध्ये ही तारीख हलवावी, असा अर्ज मी दिवाळीनंतर दिला आहे. शाखाधिकाऱ्यांनी तो विभागीय कार्यालयाकडे पाठवला असून, तेथून अद्याप होकार किंवा नकार आलेला नाही.